आत्यांचा मोडतोडीचा वर्ग

ऑफिसात सगळे त्यांना आत्या म्हणत. सलाइनच्या पंपांत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिता लिहिता त्यांचे केस पिकले होते. निवृत्ती जवळ आली तसं नव्यांना शिकवायचं काम त्यांनी हौसेनं मागून घेतलं.

यंदा आलेल्यांत एक मुलगी होती. हुशार, पण कीबोर्डला हात लावायचा म्हटलं की ती मागे सरायची. आधीच्या नोकरीत तिच्या एका चुकीनं अख्खं यंत्र बंद पडलं होतं आणि साहेबांनी चारचौघांत तिची खरडपट्टी काढली होती. चहा पिताना हे आत्यांच्या कानावर आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात एक पंप आणून ठेवला. नळीतून काचेच्या भांड्यात थेंब थेंब पाणी पडत होतं.

"याच्या पोटात कर्नल आहे, म्हणजे सिस्टिमचा गाभा, इवलासा," आत्या म्हणाल्या. "कुणाची पाळी कधी ते तो ठरवतो, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवतो आणि कुणाला दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू देत नाही. बस. पडदा, बटणं, थेंब सोडणारी मोटर सांभाळणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सगळे बाहेर, ज्याचं त्याचं बिऱ्हाड वेगळं."

"मग सगळीकडे असंच का नसतं?" कुणीतरी विचारलं.

"निरोपानिरोपीत वेळ जातो रे. सगळे एकाच खोलीत राहिले की कामं झटपट उरकतात. पण एकानं आग लावली की सगळेच होरपळतात." मग त्या मुलीकडे वळल्या. "ये गं, पडद्याचा ड्रायव्हर मोड."

"मी?"

"तूच. हवा तसा मोड."

तिनं कोडमध्ये चूक घातली. पडदा काळाठिक्कर! तिनं डोळे गच्च मिटले.

"डोळे उघड. थेंब बघ."

थेंब पडतच होते. मोटरच्या ड्रायव्हरला पत्ताही नव्हता. तेवढ्यात देखरेख करणाऱ्या प्रोग्रामनं पडद्याचा ड्रायव्हर नव्यानं सुरू केला आणि पडदा उजळला.

"पडला तो एकटाच पडला," आत्या हळूच म्हणाल्या. "कुणी त्याला बोल लावला नाही. उचलून उभं केलं, झालं."

मुलगी हसली, डोळे मात्र भरून आले होते. मग तिनं बटणं मोडली, आवाज मोडला. शेवटी तीच थबकली. "आणि मोटरचाच ड्रायव्हर पडला तर?"

"तर थेंब थांबतो, आणि समोर पेशंट असतो. म्हणून भोंगा वाजतो, नर्स धावत येते. तो कोड आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो."

"तो मला द्याल?"

तो कोड आत्यांनी आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता. त्यांनी खुर्ची शेजारी ओढली, चष्मा पुसला.

"उघड. मी बसते इथेच."