काळ्या खिडकीसमोरच्या बिसेन मॅडम

बिसेन मॅडम दुसऱ्याच्या कीबोर्डला कधीही हात लावत नसत. नेट जावो, मशीन अडून बसो, प्राचार्यांचा तातडीचा मेल अडकून राहो, त्या यायच्या, खुर्चीमागे उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीशी बांधायच्या आणि म्हणायच्या, "हं, वाचा."

मी सांगलीकडचा. भूगोल शिकवायला गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपचं नेट गेलं. शिक्षक-खोलीतल्या कोणीतरी मॅडमना बोलावलं. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायात आवाज करणाऱ्या चपला. कॉम्प्युटर विभाग त्यांच्याकडे होता.

"काय झालं?"

"नेट नाही, मॅडम."

"नेट नाई हे तुमी सांगून राहिले. मशीन काय सांगून राहिली?"

स्क्रीनवर एक चौकोन सारखा येत होता आणि मी तो सारखा बंद करत होतो. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तो बिचारा सांगाले येऊन राहिला, अन् तुमी त्याच्या तोंडावर दार लावून राहिले. बंद कायले करता? वाचा ना!"

शिक्षक-खोलीतले सगळे हसले. मला राग आला होता. पण मॅडमनी माझ्याकडूनच तीन अक्षरं टाइप करून घेतली आणि लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडली. चित्र नाही, बटण नाही, नुसती पांढरी अक्षरं. असल्या खिडक्या सिनेमातले चोर वापरतात, इतकंच मला माहीत होतं. मॅडम मागून एकेक शब्द सांगत होत्या आणि मी बडवत होतो. पिंग, मग एक आकडा. उत्तर आलं की पुढचा आकडा.

"आधी सोताले हाक मारा," त्या म्हणाल्या. "मशीन सोतालेच उत्तर देत नसन तं बाहेरच्याले दोष देऊन काय फायदा? मंग राऊटरले हाक मारा. तो बोलला तं त्याच्या पलीकडच्याले. जिथं उत्तर बंद होईन, बिघाड तिथं."

माझ्या लॅपटॉपची हाक राऊटरपर्यंतसुद्धा पोचत नव्हती. वायफायचा पासवर्ड मी चुकीचा घातला होता. मॅडम हसल्या नाहीत. "बराबर," एवढंच म्हणाल्या आणि चपला वाजवत निघून गेल्या.

"बराबर" हा त्यांचा एकमेव कौतुकाचा शब्द. शाब्बास, छान, मस्त यांतलं काही त्यांच्या तोंडून निघत नसे. त्या बोदलकसाकडच्या, धानाच्या शेतातून आलेल्या. घरी पोवारी बोलायच्या, आमच्याशी झाडीबोली आणि गोंदियाच्या दुकानदारांशी ठणठणीत हिंदी. एकदा असाच एक दुकानदार लॅबमध्ये येऊन, बंद पडलेलं मशीन न बघताच म्हणाला, "मॅडम, ये तो पुराना हो गया, नया लेना पडेगा." मॅडमनी त्याला खुर्चीत बसवलं. "पहले इससे पूछ तो लो." आणि त्याच्याकडूनच सगळ्या आज्ञा टाइप करून घेतल्या. मशीन सुरू झालं. दुकानदाराला चहा पाजला आणि वर सांगितलं, "अब दुसरे गाव में भी ऐसेच करना."

मुलं त्यांना घाबरायची. अर्धवट वाचलेलं त्यांना खपत नसे. कोणी "मॅडम, एरर आली" म्हणालं की मॅडम त्या मुलाला उभं करून ती एरर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायला लावत. इंग्रजीला दचकणारी पोरं अडखळत, रडवेली होत. एकदा मी म्हणालो, "मॅडम, जरा मऊ घ्या." त्या म्हणाल्या, "मी मऊ घेतलं तं जग मऊ घेईन का त्यायले?"

पुढे पुढे त्या मुलांना जास्तच मोठ्यानं वाचायला लावू लागल्या. त्याच सुमारास त्यांनी स्कूटी भाच्याला देऊन टाकली आणि एसटीनं येऊ लागल्या. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कंटाळा आला चालवाचा." साखरेचा आजार त्यांना बऱ्याच वर्षांपासून होता. चहात मात्र साखर लागायचीच, आणि कोणी काही बोललं तर अशा नजरेनं बघत की बोलणारा स्वतःच त्यांना साखर वाढून देई. त्यांना स्क्रीनवरची अक्षरं दिसेनाशी झाली होती, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. त्यांची शिकवायची रीतच तशी होती. वाचणार समोरचा, टाइप करणार समोरचा. त्यांना दिसत नाही हे कळायला काही मार्गच नव्हता.

मग त्या नागपूरला गेल्या. "डोळे दाखवून येतो," एवढंच त्यांनी सांगितलं आणि लॅबची किल्ली माझ्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी आमच्या बारावीच्या कविता उईकेची परीक्षा होती. कविताचं गाव जंगलाला लागून, वडील वनखात्याच्या कामावर मजुरी करणारे. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्या प्रवेशाची निवड परीक्षा ऑनलाइन होती. मोबाइलवर ती देता येत नव्हती. कॅमेरा असलेलं मशीन लागायचं. आमच्या लॅबमध्ये कॅमेऱ्याचं मशीन एकच. मॅडमनी आधीच त्याच्यावर परीक्षेचा प्रोग्रॅम घालून त्याची नोंदणी केली होती, त्यामुळे दुसरं मशीन चाललंही नसतं. बाराच्या आत लॉगिन झालं नाही तर संधी गेली.

कविता वडिलांबरोबर एसटीनं आली. मी मशीन सुरू केलं, तर नेट नाही. शेजारच्या सगळ्या मशीनवर नेट धावतंय आणि या एकावर नाही. मी वायर काढली, घातली. मशीन बंद केलं, चालू केलं. घड्याळ पुढे सरकत होतं. कविताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिचे वडील दारात दुपट्टा हातात पिळत उभे होते. आत यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. नाइलाजानं मी मॅडमना फोन लावला.

"बोला, सर."

मी सांगितलं.

"बाजूच्या मशीनवर हाय ना नेट? मंग राऊटरले शिव्या देऊ नका. यालेच इचारू. कविता कुठं हाय?"

"इथंच आहे. रडतेय."

"तुमी उठा. तिले बसवा."

"मॅडम, वेळ कमी आहे, मी पटापट करतो..."

"तुमाले पटापट येत नाई. तिले बसवा, अन् फोन स्पीकरवर ठेवा."

मी उठलो. कविता बसली. पहिली आज्ञाच तिनं दोनदा चुकवली.

"कविता, काऊन रडून राहिली?"

"मॅडम, माहा पेपर हुकन."

"हुकन का नाई ते मंग पाहू. आता खिडकी उघडली का? सोताले हाक मार."

कवितानं पिंग केलं. "उत्तर आलं, मॅडम."

"बराबर. आता मशीनले तिचा नेटवरचा पत्ता इचार."

कवितानं टाइप केलं, आयपीकॉन्फिग, आणि आलेले आकडे वाचू लागली. "एकशे एकोणसत्तर, दोनशे चौपन्न..."

"थांब. हा पत्ता राऊटरनं देल्ला नाई. मशीननं मागून मागून पाह्यलं, भेटला नाई, तं सोताच्या मनानं एक घेऊन बसली. जुना सोडाले लाव, नवा मागाले लाव."

कवितानं दोन्ही आज्ञा दिल्या. खिडकी बराच वेळ गप्प राहिली आणि मग एक लांबलचक इंग्रजी ओळ आली.

"नाही झालं, मॅडम," मी म्हणालो.

"सर, तुमी नोका सांगू. ती वाचन."

कवितानं वाचलं. पत्ता देणाऱ्याशी संपर्क होत नाही, असा त्याचा अर्थ. मॅडमनी मशीनमागचा हिरवा दिवा लुकलुकतोय का ते बघायला लावलं. लुकलुकत होता. "मंग वायर चांगली हाय. आतली मांडणी बिघडली. ती पुसून नव्यानं मांडू." आणि त्यांनी एक लांब आज्ञा अक्षर-अक्षर करून सांगितली. कवितानं टाइप केली, एंटर दाबलं.

"मॅडम, नाई म्हणते."

"पूर्ण वाच."

कविता अडखळत वाचू लागली. शेवटचे शब्द वाचता वाचता ती थांबली. "मॅडम... ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, असं लिहून हाय."

"मंग नाई कुठं म्हणे? कसं कराचं तेच सांगून राहिली ना! खिडकी बंद कर. माऊसचं उजवं बटन दाबून उघड."

कवितानं तसं उघडलं. या वेळी ती आज्ञा चालली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागलं. मग फोनमधून आवाज आला, "सकाळी जेवली का, कविता?"

"नाई."

"डब्यात काय हाय?"

"भात अन् चटणी."

"पेपर झाल्यावर बाबासंग बसून खाजो. सरालेबी देजो, ते घाबरले असतीन."

कविता रडता रडता हसली. दारातले तिचे वडीलही हसले. मशीन सुरू झालं. कवितानं न सांगता खिडकी उघडली, पत्ता विचारला आणि जवळजवळ ओरडली, "आला, मॅडम! एकशे ब्याण्णव आला!"

"पूर्ण वाच."

तिनं पूर्ण वाचला. राऊटरला हाक मारली, बाहेर हाक मारली, उत्तरं आली. परीक्षेचं पान मात्र उघडेना. मॅडमनी मशीननं साठवलेले जुने पत्ते पुसायची आज्ञा सांगितली. ती देताच पान उघडलं. बाराला अजून थोडा अवकाश होता.

"बराबर," मॅडम म्हणाल्या. "आता पानी पी अन् पेपर सोडव. घाई करजो नोको." आणि फोन बंद झाला. कविता पाणी पिऊन पेपरला बसली.

कविताची निवड झाली. आता ती नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम परत आल्या तेव्हा मात्र त्यांचा एक डोळा फक्त उजेड-अंधार ओळखत होता आणि दुसऱ्यानं मोठी अक्षरं तेवढी दिसत होती. ऑपरेशन झालं होतं, पण आजार फार वाढल्यावर. काही महिने त्यांनी तसंच शिकवलं. नंतर नोकरी सोडून त्या गावी गेल्या.

यंदा माझी बदली झाली. निघण्याआधी मी त्यांना भेटायला गेलो. घरासमोर धान वाळत पडलं होतं. त्यांचे यजमान तुलारामभाऊ मला ओसरीवर घेऊन गेले. मॅडम आत चहा ठेवत होत्या. बोलता बोलता कविताचा विषय निघाला आणि भाऊ म्हणाले, "त्या दिवशी फोन मीच धरला होता हिच्या कानाशी. डोळ्यात थेंब घातले होते, हिले काईच दिसत नोतं. ऑपरेशनसाठी आत घेऊन जाले दोनदा सिस्टर आली. हिनं हातानंच थांबवलं."

ऑपरेशन त्याच दिवशी होतं, त्याच वेळी होतं, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.

"लय घाबरली होती, सर," भाऊ हळूच म्हणाले. "सकाळपासून माहा हात सोडून नोती राहिली. तुमचा फोन आला तवा सोडला."

मॅडम कपबशा घेऊन आल्या. पावलांनी अंतर मोजत, पण एक थेंबही न सांडता.

"मॅडम," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

त्यांनी आधी भाऊंच्या दिशेनं मान वळवली, मग माझ्या.

"सांगतलं असतं तं तुमी फोन ठेवला असता." त्या खाली बसल्या. पदरानं हात पुसले. "ती पोरगी रडून राहिली होती, म्हून मी तिले कामाले लावलं. तवा मलेबी कोनीतरी कामाले लावाले पाह्यजे होतं, सर."

आणि मग, मी काही बोलायच्या आत, त्यांनी मला बसची वेळ विचारली.