हेमलताच्या मासळी ग्रुपवर लिहिताना

कुणाकडेही जेवायला जमलो, की ताटं उचलायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "सुजाता, तो मासळी ग्रुपचा किस्सा सांग ना." मी विचारते, कुठला? कारण हे किस्से आता फ्रीझरमधल्या कोलंबीसारखे झालेत. एक काढायला जावं तर चार चिकटून बाहेर येतात.

आधी ग्रुप कसा झाला ते सांगते. हेमलता माझी शाळेतली मैत्रीण. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आणि लग्नही तिथल्या तिथेच झालेलं. नवरा भास्कर बोटीवर जातो, ही मासळी विकते. अंधेरी पश्चिमेची आमची बिल्डिंग आणि आजूबाजूच्या काही इमारती हे तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. पूर्वी टोपली घेऊन दारोदार यायची. मग गुडघे बोलायला लागले. तेव्हा तिची सून रुपाली म्हणाली, आई, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू. सकाळी फोटो टाकायचा, लोक ऑर्डर लिहितील, मी स्कूटरवरून पोचवते.

ॲडमिन म्हणून दोघींनी मला धरलं. मी एका कुरिअर कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. हेमलताचा हिशोब सरळ होता. "ऑफिसात शिव्या खाऊन गोड लिहितेस ना, मग इथे मैत्रिणीसाठी लिही."

मला वाटलं, मासळीच्या ग्रुपवर लिहायचं असतं तरी काय.

*

पहिल्याच आठवड्यात देशमुखबाई ग्रुपमध्ये आल्या. बाई मूळ नागपूरच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या. मासे खायला नुकत्याच शिकल्या होत्या आणि प्रत्येक गोष्ट मनापासून समजून घ्यायच्या.

त्या दिवशी हेमलताने ग्रुपवर लिहिलं, "आज तिसऱ्या आहेत. मस्त मोठ्या."

आता आम्हा कोकणातल्या लोकांना तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, हे सांगावं लागत नाही. माझे वडील गिरणीत लागले तेव्हा गावाहून येताना त्यांनी काही आणलं नसेल, पण तिसऱ्यांच्या सुक्क्याची आठवण नक्की आणली होती. देशमुखबाईंनी मात्र अगदी अदबीने विचारलं, "नमस्कार. पहिल्या आणि दुसऱ्या संपल्या का? असल्यास आम्हाला पहिल्या चालतील."

हेमलताला वाटलं, नवीन बाई टिंगल करते. तिने उत्तर दिलं, "पहिल्या घरी ठेवल्या." बाईंना वाटलं, चांगला माल बाजूला काढून ठेवतात आणि आपल्याला तिसऱ्या दर्जाचा विकतात. त्यांनी मला फोन करून हळू आवाजात विचारलं, की या ग्रुपवर ओळख असल्याशिवाय पहिल्या मिळत नाहीत का.

मी त्यांना घरी बोलावून ताटलीत शिंपल्या दाखवल्या. त्या बराच वेळ हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पण मग तिसऱ्या मजल्यावर तिसऱ्या पाठवा, असं लिहिलं तर चालेल ना?"

आजही त्या ऑर्डर तशीच लिहितात. वाक्य पूर्ण, शेवटी टिंब.

*

दुसरे आमचे सामंतकाका. पहिल्या मजल्यावर एकटेच राहतात, मुलगा परदेशात. काका इंग्रजीतच लिहायचे आणि सगळं कॅपिटल अक्षरात. हेमलताचं शिक्षण मराठी शाळेतलं, त्यामुळे इंग्रजी मेसेज रुपाली वाचून दाखवायची. रुपाली लग्नाआधी कॉल सेंटरमध्ये होती. कॅपिटल म्हणजे गिऱ्हाईक ओरडतंय, असं तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. त्यामुळे काकांचा मेसेज आला की ती तो ओरडूनच वाचायची.

"माझे बांगडे कुठे आहेत," एवढंच काकांनी लिहिलेलं असायचं. पण स्वयंपाकघरात ते गर्जनेसारखं पोचायचं. हेमलता रोज घाबरायची. म्हातारा का चिडतो, वजन कमी पडलं का, साफ नीट केले नाहीत का? दोन-तीन आठवडे तिने हे मनात ठेवलं. मग एका सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः आली, हातात बांगड्यांची पिशवी, आणि काकांच्या दारात उभी राहून म्हणाली, काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा, पण रोज रोज ओरडू नका.

काका गोंधळले. त्यांनी मला वरून बोलावून घेतलं. मी फोन बघून त्यांना कॅपिटल अक्षरांची भानगड समजावली. काका चष्मा काढून पुसत म्हणाले, "अगं, बारीक अक्षरं मला दिसत नाहीत. काय लिहिलंय ते मलाच कळायला नको?"

हेमलता मटकन खुर्चीत बसली. काकांनी चहा केला. त्या दिवसापासून ती काकांना लिहीत नाही, बोलून पाठवते. "काका, आज बांगडा झकास हाय, चार ठेवते." काकाही बोलूनच उत्तर देतात. आवाज मात्र त्यांचा खरंच मोठा आहे. रुपाली म्हणते, यापेक्षा कॅपिटल बरं होतं.

*

मग अंगठ्याचं प्रकरण. रुपालीने एकदा पापलेटांचा फोटो टाकला. केळीच्या पानावर ओळीने मांडलेली, उन्हात चांदीसारखी. फोटो इतका सुंदर, की ज्याने त्याने खाली अंगठा टाकला. शाकाहारी असूनही बायकोच्या हट्टापायी ग्रुपमध्ये असलेल्या एका गृहस्थांनीसुद्धा टाकला.

हेमलताने सगळ्या अंगठ्यांची पापलेटं साफ केली.

दुपारी रुपाली पिशव्या घेऊन दारोदार फिरली आणि लोक म्हणायला लागले, आम्ही कुठे मागवलं, आम्ही तर फोटो छान म्हणालो. हेमलताचा फोन आला तेव्हा ती इतकी तापली होती, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. फोटो छान वाटला तर फोटो छान असं लिहा ना, तिचं म्हणणं. अंगठा दाखवून पळता काय.

पण मजा पुढे आहे. दारात साफ केलेलं पापलेट बघितल्यावर परत पाठवायला कुणाचंच मन होईना. शाकाहारी गृहस्थांच्या बायकोने तर नवऱ्याच्या अंगठ्याबद्दल देवाचे आभार मानले.

*

चौथ्या मजल्यावरचा निलेश एका आयटी कंपनीत मॅनेजर. मुलगा चांगला, फक्त सगळ्यांना सुधारायची हौस. त्याने हेमलताला सांगितलं, की मावशी, तुमचं लिहिणं फार तुटक वाटतं. "आज बोंबील नाय. उद्या बघू." असं कुठे लिहितात का? कस्टमरला रिस्पेक्ट वाटला पाहिजे. मीच तुम्हाला मजकूर बनवून देतो.

त्याने दिला. रुपालीने तो मन लावून साठवून ठेवला. पुढच्या वेळी बोंबील आले नाहीत, तेव्हा सकाळी ग्रुपवर मेसेज झळकला: "आपणा सर्वांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की आज बोंबील आपल्यात नाहीत. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत."

पहिला फोन सामंतकाकांचा. कोणीतरी त्यांना अर्धाच वाचून दाखवला होता. कोण गेलं, केव्हा नेणार, मला जिना उतरायला वेळ लागतो, थांबायला सांग. देशमुखबाईंनी जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो" असं लिहिलं. त्यांच्याखाली लागोपाठ हात जोडले गेले. बोंबील हे कुणाचं तरी आडनाव असावं, असं पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एकाला वाटलं. त्याने वय विचारलं.

हेमलता हसून हसून बोलू शकत नव्हती. शेवटी तिने एका बोटाने टाइप केलं, "आज बोंबील नाय. उद्या बघू." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

*

आणि मुग्धाचं लग्न. मुग्धा ही देशमुखबाईंची मुलगी. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि प्रत्येक स्थळाची चर्चा बाई नागपूरच्या बहिणीशी व्हॉट्सॲपवर करायच्या. मुग्धाला यातलं निम्मंच कळवलं जायचं.

एका सकाळी बाईंनी घाईत बहिणीऐवजी मासळी ग्रुपवर लिहिलं, "कालचा पाहिला. लांबून बरा वाटला. जवळून पाहिला तर डोळे अगदी निस्तेज. काय करावं?"

हेमलताचं उत्तर लगेच आलं. "ताई, डोळे निस्तेज म्हंजे शिळा. घेऊ नका. कल्ले उघडून बघितले का? लाल पाहिजेत."

बाई चक्रावल्या. बहिणीला आज झालंय काय, या विचारात त्या असतानाच पुढचा मेसेज: "आणि कोणी दाखवला ते सांगा. मी बोलते त्याच्याशी."

तेवढ्यात मुग्धाने लिहिलं, कारण ऑर्डर द्यायला तीही ग्रुपमध्ये होतीच. "आई, हा मासळीचा ग्रुप आहे." आणि मग खाली अजून एक ओळ. "पण मावशी म्हणतात ते मला पटलं."

स्थळ तिथेच थांबलं. मुग्धा नंतर मला म्हणाली, तो मुलगा तासभर फक्त स्वतःच्या पगाराबद्दल बोलत होता, आणि नाही कसं म्हणायचं हेच तिला कळत नव्हतं. पुढच्या स्थळाचा फोटो आला तेव्हा देशमुखबाईंनी तो आधी हेमलताला पाठवला. या वेळी ग्रुपवर नाही, एकटीला. हेमलताने फोटो मोठा करून बघितला आणि कळवलं, फोटोवरून कल्ले कळत नाहीत, घरी बोलवा.

*

आता शेवटचा, आणि हा मी सहसा मागितल्याशिवाय सांगत नाही.

रविवार होता. निलेशकडे त्याचे सासू-सासरे पहिल्यांदा जेवायला येणार होते. त्याने आदल्या दिवशीच सुरमई सांगून ठेवली होती. रविवारी सकाळी ग्रुपवर फोटो आला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. लोक विचारायला लागले. आधी "मावशी, आज काय आहे?" मग "कुणी आहे का?" मग कुणीतरी लिहिलं, की रविवारीच नेमकं असं करतात. निलेशने लिहिलं, "सकाळपासून वाट बघतोय. घरी पाहुणे आलेत. धंदा करायचा नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडून घेऊ." त्याला दोघा-तिघांनी दुजोरा दिला.

मी हेमलताला फोन लावत होते, ती उचलत नव्हती. रुपालीचा फोन बंद. ॲडमिन म्हणून काहीतरी लिहायला हवं होतं, पण काय लिहायचं ते मला सुचत नव्हतं. ऑफिसात रोज लिहिते ती सगळी गोड वाक्यं त्या वेळी पोकळ वाटत होती.

तेवढ्यात हेमलताचा मेसेज आला.

"माफ करा. बोट पहाटे यायला हवी होती. अजून आली नाय. वायरलेस लागत नाय. नवरा त्यात हाय. मी बंदरावर उभी हाय. सुरमई जमणार नाय."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. मग वरचे मेसेज एकेक करून नाहीसे व्हायला लागले. जिथे जिथे बोलणं होतं तिथे मेसेज डिलीट केल्याच्या करड्या ओळी उरल्या. निलेशचा सगळ्यात आधी गेला.

मी चप्पल घातली आणि रिक्षा करून वर्सोव्याला गेले. हेमलता बायकांच्या घोळक्यात उभी होती, पदर कमरेला खोचलेला, फोन मुठीत. मला बघून म्हणाली, "कशाला आलीस गो, ऊन केवढं हाय." आणि माझा हात धरला तो सोडला नाही. रुपाली शेजारच्या बोटवाल्याला घेऊन कुठेतरी चौकशीला गेली होती. आम्ही दोघी समुद्राकडे बघत होतो. तिने मध्येच सांगितलं, जाताना भास्करशी भांडण झालं होतं, रेनकोटवरून. एवढंच.

दुपार कलायला लागली तेव्हा लांबून दोन बोटी दिसल्या. पुढची ओढत होती, मागची ओढली जात होती. इंजिन बंद पडलं होतं. मागच्या बोटीवर पुढच्या टोकाला, नाळेशी उभ्या असलेल्या माणसाला हेमलताने इतक्या लांबून ओळखलं, आणि ती खाली वाळूतच बसली. रडली नाही. भास्कर किनाऱ्याला लागला तेव्हा त्याला पहिलं वाक्य म्हणाली, "रेनकोट कुठाय?"

त्याला घरी नेलं, गरम पाणी दिलं. मग तिने फोन मागितला. मी म्हटलं, दे, मी लिहिते. ती नको म्हणाली. एका बोटाने, सावकाश टाइप केलं.

"बोट आली. मासळी नाय. नवरा हाय."

निलेशने लिहिलं, "मावशी, आमच्याकडे आज वरण-भात केलाय. भरपूर आहे. भास्करकाकांना घेऊन जेवायलाच या. माझे सासरेही म्हणतायत."

हेमलताने ते वाचलं, आतल्या खोलीत डोकावून बघितलं आणि उत्तर दिलं.

"तो झोपला. डबा पाठवा. लिंबू टाका."