विहिरीतला म्हातारा

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस. विमा कंपनीत क्लेम्स तपासतो. समोरचा कुठे थाप मारतोय हे शोधायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

लालबागला आमच्या चाळीमागे विहीर होती, वर लोखंडी जाळी. तिच्यात एक कासव होतं. विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं म्हणून माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी ते मालवणहून दुधाच्या किटलीतून आणलेलं. बाबा गिरणीत फिटर. हरवलं तर ओळखता यावं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीच्या कडेला बारीक भोक पाडून तांब्याच्या तारेची कडी घातली होती. बाबा गेल्यावर आई रोज दुपारी जाळीतून मूठभर भात सोडायची आणि त्याच्याशी गप्पा मारायची. त्याला ती ‘म्हातारो’ म्हणायची. बाबांनाही तेच म्हणायची.

चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी रूम खाली केल्या, आई मात्र हटून बसली.

"आधी म्हाताऱ्याक भायर काढ, मगे माका हलव."

मी जाळी बाजूला सरकवून टोपलीला दोरी बांधली आणि विहिरीत सोडली. तासभर उन्हात उभा राहिलो. कासव काही वर येईना. तिकडे टेम्पोवाला बोंबलत होता, "साब, आज निकलना है के नहीं?" माझं डोकं फिरलं. आत जाऊन आईला सांगितलं — काढलं, मित्राबरोबर बाणगंगेच्या तलावात सोडायला धाडलंसुद्धा. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि निमूट टेम्पोत बसली. त्या हाताची आठवण आली की अजून लाज वाटते.

चार दिवसांनी विहीर डेब्रिज टाकून बुजवली. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी तिथे हजर होतो.

आम्ही परळला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलो, सातव्या मजल्यावर. आईचे गुडघे पार गेलेले. तिथे आल्यापासून ती एकदाही खाली उतरली नाही. महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, बाथरूममधून तिचं बोलणं ऐकू आलं.

"कोणाशी बोलतेस गं?"

"म्हातारो इलो. भुकेलो हा. भात आण."

झालं... आईचं डोकं गेलं, मला वाटलं. आत डोकावलो. ती स्टुलावर बसलेली, समोर रिकामी बादली. पण कोरड्या लादीवर काळा, ओला गाळ होता. आणि वास आमच्या विहिरीचा! शेवाळाचा, गंजक्या जाळीचा — तो मी झोपेतही ओळखीन. ड्रेनेज तुंबलं असेल म्हणून प्लंबर बोलावला. त्याला काहीच सापडलं नाही. त्या दिवसापासून आई बाथरूममध्ये बशीत भात ठेवायची आणि तो रोज संपायचा. कबुतरं खात असतील, मी म्हणायचो. खिडकीला जाळी होती, तरी म्हणायचो.

आठवड्याभराने आईने मला जवळ बसवलं.

"बाणगंगेक धाडलंस तेव्हा तार होती मां रे तेच्या पाठीर?"

"होती की," मी म्हटलं.

तिने मूठ उघडली. तळहातावर तांब्याची कडी. हिरवी पडलेली, ओली.

"मीच काढलंय. आता खंय हरवतलो तो?"

खरं काय ते सांगावं, तिचे पाय धरावेत असं वाटलं. तिनेच विषय संपवला. "जा, जेव." त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली. मी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

कडी माझ्या कपाटात आहे. बायको म्हणते, आईंनी ती चाळीत असतानाच कधीतरी काढून घेतली असेल. मी मान डोलावतो. मला ते का पटत नाही, हे तिला सांगायची हिंमत होत नाही.

विहीर बुजवली त्या दिवशी, पहिला डंपर रिकामा व्हायच्या आधी, ते वर आलं होतं. दुपारी भाताला यायचं तसं, मान उंच करून. पाठीवरची कडी मला स्पष्ट दिसली. डंपरवाल्याने विचारलं, "अंदर कुछ है क्या, साब?"

मी म्हटलं, "कुछ नहीं. डालो."