पेवाच्या तोंडावर बसलेली बाई

रविवारची उपासना आटोपली आहे, रस्सा-भात अंमळ जास्तच झाला आहे, आणि मी ओसरीवरच्या आरामखुर्चीत मांडीवर कागद घेऊन पडले आहे. वीज गेली आहे. डोळे मिटताहेत, पण मी झोपलेली नाही. बासष्ट वर्षांची बाई दुपारी झोपत नाही, जरा पडते.

लिहून झालेल्या सोळा पानांतलं हे पहिलं; त्यावर एकच वाक्य आहे: ‘सावळारामबुवा कधीच कुणाला घाबरले नाहीत.’

बुवा म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पहिले उपदेशक. जाऊन नव्वद वर्षं झाली. गळ्यात वीणा अडकवून ते गावोगाव येशूची कीर्तनं करत आणि मुलांसाठी गोष्टी लिहीत. त्यापायी गावाने त्यांना विहीर बंद केली, न्हावी बंद केला, शेवटी त्यांची गोष्टींची वहीच जाळली. मंडळीला सव्वाशे वर्षं होताहेत, म्हणून त्यांचं चरित्र मुलांसाठी लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. तीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवते आहे, तेव्हा ते दुसऱ्या कुणाकडे जाणं शक्यच नव्हतं.

आज सकाळी हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात वर्गात वाचून दाखवलं. रूथ ओहोळ तेव्हा समोरच बसली होती. सहावीतली पोर. शाळेच्या बसमध्ये मुलींनी तिला विचारलं, तू ख्रिस्ती आहेस का गं? तिने गळ्यातला क्रूस कॉलरच्या आत सरकवला आणि नाही म्हणाली. हे तिने मला आपणहून सांगितलं होतं, गेल्याच रविवारी. आणि तरी मी वाचलं.

रूथने गीतपुस्तक बाकावर ठेवलं. “बाई, मी आता येणार नाही. इथे बुवांसारख्या मुलांनीच यायचं ना?”

“अगं, पेत्र तर प्रभूचा शिष्य, त्यानेसुद्धा प्रभूला नाकारलं होतं,” मी म्हणाले.

“पेत्र नंतर रडला तरी. मला रडूसुद्धा नाही आलं.”

आणि ती गेली. मी तिच्यामागे गेले नाही, कारण वर्ग सोडून कसं जायचं? असं मी स्वतःला सांगते आहे आणि ते मला पटत नाही.

“कुन्ची पोरगी गं?” कोणीतरी विचारतं.

ओसरीच्या पायरीवर एक म्हातारा बसला आहे. पागोटं, गुडघ्यापर्यंत धोतर, अनवाणी. वीणा माझ्या कोरफडीच्या कुंडीला टेकवून ठेवली आहे. मंडळीतल्या फोटोत बुवा फार करारी दिसतात. हा माणूस हसतो तेव्हा पुढचा एक दात नाही.

“बुवा?”

“वाच की. काय लिवलंस?”

मी वाचते. बुवा इतके हसतात की त्यांना ठसका लागतो.

“ह्यो कोन गं मर्द? मला बी दाव येकदा.”

मला राग येतो. तीन आठवडे खपून लिहायचं आणि ज्याच्यावर लिहायचं त्यानेच दात काढायचे! पण त्यांचा ठसका थांबत नाही, म्हणून मी पाणी आणायला उठते. माजघराचं दार ढकलते आणि समोर आमचं उपासनेचं देऊळ आहे, सकाळचंच, बाकांसकट. रूथचं गीतपुस्तक तिथेच पडलं आहे. मात्र फरशी नाही. पायाखाली सारवलेलं खळं आहे, ऊन रणरणतं आहे, आणि वेदीपाशी जमिनीत एक गोल तोंड आहे, माणूस जेमतेम उतरेल एवढं. ज्वारी साठवायचं पेव आहे ते. आत धान्य नाही, नुसता कुबट अंधार.

हातात पाण्याचा तांब्या आहे, पण बुवा कुठे?

“हितं हाय मी.” आवाज जमिनीतून येतो.

मी वाकून बघणार, तेवढ्यात एक धिप्पाड बाई मला बाजूला सारते. ती पेवावर दगडी झाकण ओढते. पुरतं ओढत नाही. कडेला एक खापर सारून बोटभर फट ठेवते आणि त्या फटीवर लुगड्याचा घोळ येईल अशी फतकल मारून बसते. मग मांडीवर कच्चं मडकं घेते आणि लाकडी थापीने थापायला लागते. थप थप थप.

“हौसाबाई कुंभारीन,” खालून बुवा हळूच सांगतात. “पेवात कोंडलेला वारा वंगाळ. हवा न्हाई मिळाली तर मानूस जागीच खलास. म्हून फट ठिवली.”

खळ्यावर पाचसहा माणसं आली आहेत. एकाच्या हातात अर्धवट जळालेले कागद आहेत.

“हौसे, सावळ्या कुठं गेला?”

“माझ्या मडक्यात दडलाय,” हौसाबाई मान वर न करता म्हणते. “फोडून बघा. पैलं पैसं मोजा, मंग फोडा.”

“कळलं तर तुला बी वाळीत टाकू.”

“टाका. मंग पानी कशात भरशीला, पागोट्यात?”

माणसं घुटमळतात. थापी चालू राहते. तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडतं. मला माहीत आहे की ही माणसं शंभर वर्षांपूर्वीची आहेत, तरी मी जीव मुठीत धरून उभी आहे.

मग ऊन उतरलेलं असतं आणि माणसं नसतात. हौसाबाई मात्र तशीच बसलेली आहे. मी तिच्या शेजारी गुडघे टेकते.

“माझी मागनं लिवलेली वही मंडळीच्या कपाटात हाय,” फटीतून बुवा म्हणतात. “तीत या दिसाच्या दोन वळी हायेत. वाचल्यास?”

“वाचल्या.”

“मंग?”

“गाळल्या.” मला लाज वाटते, म्हणून मी आवाज चढवते. “मुलांना काय सांगायचं बुवा? आपला उपदेशक धान्याच्या खड्ड्यात लपला?”

“लपला की! लटालटा कापत हुता. प्रार्थना करावी म्हनलं तर प्रभूची प्रार्थनासुदिक आठवंना. निस्ती ती थापी ऐकत बसलो. थापी चालू हाय तवर आपुन जित्ते.”

मी फटीजवळ आणखी वाकते.

“मला येक सांग पोरी. मी भ्यालो न्हाई, तर मी हितं उतरलो कशाला? आन मी उतरलोच न्हाई, तर ही बाई दगडावर कशाला बसली? तू माझं भ्याव पुसलंस, त्याचं मला काय न्हाई. पर त्याच्यासंगं हौसाबाई पुसलीस.”

मी हौसाबाईकडे बघते. घामाने कपाळावरचं कुंकू ओघळलं आहे. ती आमच्या मंडळीची नव्हती, कधी झालीही नाही. कुठल्याही पुस्तिकेत तिचं नाव नाही. माझ्या सोळा पानांतही नाही. इतकी वर्षं मी मुलांना शूर व्हा, शूर व्हा म्हणून सांगत आले, आणि शूर होती ती बाई मला दिसलीच नाही.

“दुसऱ्या दिवशी काय झालं?” मी विचारते. “परत गेलात कीर्तनाला?”

“कुटलं! आठ दीस घराभायेर पाऊल टाकलं न्हाई. नवव्या दिशी हीच आली. म्हनली, बुवा, पोरं इचारत्यात, हरवलेल्या मेंढराचं गानं कवा म्हननार? मंग हिच्या अंगनात म्हनलं. वही तर जळाली हुती. निम्म्या गोष्टी मला आठवंनात. पर पोरांना पाट हुत्या. पोरं सांगायची आन मी लिवायचो. कपाटातली वही ती हीच.”

मला हसू येतं आणि डोळे भरून येतात. म्हणजे ती वही मुलांनीच बुवांना सांगितली आहे.

“आन त्या तुज्या पोरीजवळ कोन बसलंय?” बुवा एकदम विचारतात.

“रूथजवळ? कोणी नाही. मी तिला पेत्राची गोष्ट सांगितली.”

“गोष्ट सांगितलीस. बसली न्हाईस.”

हौसाबाई मडकं खाली ठेवते. उठताना गुडघ्यावर हात रोवते, थेट माझ्यासारखीच कण्हते आणि झाकण सरकवते. आतून एक सुरकुतलेला हात वर येतो.

“बघतीस काय? वढ की!”

मी पाय रोवून दोन्ही हातांनी ओढते. बुवा हलके असतील असं वाटलं होतं. हलके कसले! भ्यालेला माणूस चांगलाच जड असतो. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुततात, पागोटं वर येतं, मग कपाळ, मग ते दात नसलेलं हसू, आणि डोक्यावरचा पंखा घरघरायला लागतो.

वीज आली आहे. कागद खाली पडला आहे. साडेचार वाजले आहेत.

मनगट दुखतं आहे. बघते तर त्यावर तांबडे वळ उठले आहेत. हात अंगाखाली आला असेल, खुर्चीच्या दांड्याचे वळ असतील म्हणा. पण दांड्याला चार बोटं आणि एक अंगठा नसतो.

मी कागद उचलते. ‘कधीच’ पासून ‘नाहीत’ पर्यंत सगळं खोडते. ‘सावळारामबुवा’ तेवढं राहू देते आणि पुढे लिहिते, ‘घाबरले, तेव्हा हौसाबाई कुंभारीण त्यांच्यासाठी दगडावर बसली.’ मंडळीचे पाळकसाहेब विचारतील तेव्हा बघू. मग पायात चपला अडकवते.

ओहोळांचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. रूथ दाराच्या पायरीवर एकटीच बसली आहे. मला बघून ती मान खाली घालते. वाटेत मी चार वाक्यं तयार केली होती, ती सगळी विसरून जाते.

मग तीच बोलते. “बाई, हाताला काय झालं?”

“एका घाबरलेल्या माणसाला वर ओढलं.”

“कोणाला?”

“सरक जरा,” मी म्हणते, “मला बसू दे.”