उन्हात आत कोण नेतं?

उन्हाळ्यावर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस चंद्रपूर जिल्ह्यात होता, आणि तो आम्हाला राजुऱ्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचा. एप्रिल लागला की सरांना तरतरी यायची. डोक्यावर ओला दुपट्टा, लू लागू नये म्हणून खिशात कांदा, आणि जादा तास भर दुपारी दोनला! पोरं कुरकुरली की म्हणायचे, "काऊन बे, गर्मीचा धडा का डिसेंबरात शिकता?"

धडा तसा एकच. पेशीत केंद्रकाच्या आत प्रोटीनं वाहून नेणारे हमाल असतात. उष्णता फार वाढली की ते ढेपाळतात. नेमकं तेव्हाच एक प्रोटीन आत शिरतं, उष्णतेनं विस्कटलेल्या इतरांना सावरतं आणि गारवा आला की बाहेर येतं. "पन त्याले आत नेते कोन?" सर फळ्यावर खडू आपटायचे. "कोनालेच माहीत नाई! एवढं समजलं न, का मी सुखानं रिटायर होतो." गावात नुकत्याच निघालेल्या नेट कॅफेच्या मालकालाही हाच प्रश्न विचारून त्यांनी घाम फोडला होता.

एकदा त्यांनी प्रयोगशाळेलाच केंद्रक केलं. दाराला कुलूप, पायरीवर दोन धष्टपुष्ट पोरं ढेपाळलेले हमाल म्हणून बसवलेली. सर बाहेर आम्हाला समजावत असताना आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. पाणी भरणाऱ्या बाई!

"बाई, तुमी आत कशा आल्या?"

"खिडकीतून जी. पोरायले पानी नोको का?"

सरांनी आम्हाला बाईंसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी टाळ्याही हळूच वाजवल्या. कॉन्व्हेंटमधून आलेली मी तीन वर्षांत सरांशी चार वाक्यंही बोलले नसेन. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "तू इंग्रजी वाचतं. उत्तर सापडलं का मले सांगजो." मी नुसती मान हलवली, पण ती गोष्ट फार मनावर घेतली.

सर उत्तराविनाच रिटायर झाले. त्यानंतर काही वर्षांनी मला ते उत्तर एका इंग्रजी नियतकालिकात दिसलं. त्या प्रोटीनला आत नेणारं वेगळंच एक छोटं प्रोटीन होतं, जपानी संशोधकांना सापडलेलं. काय बोलायचं ते कागदावर लिहून, तीन दिवस घोकून मी फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता सगळं सांगितलं.

"वा, बेटा!" सर म्हणाले. मग हळू आवाजात, "आता सकाळी उठून इचार कशाचा करू?"

मी हातातला कागद उलटून पाहिला; मागची बाजू कोरी होती. पण फोन आम्ही दोघांनीही लगेच ठेवला नाही.