संगणकाने विचारलं, सुमनताईंनी सांगितलं

मैत्रिणींनो, दुपारपासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहिते.

आमच्या विशेष मुलांच्या शाळेत आज माझी भाची रेवा लॅपटॉप घेऊन आली. मुलांविषयी आम्हा शिक्षिकांना असलेली माहिती एकत्र राहावी, म्हणून. पद्धतीचं नाव फॉर्मल कन्सेप्ट ॲनालिसिस. ओळीत मुलं, रकान्यांत सवयी, जुळेल तिथे फुली. फुल्यांवरून संगणक नियम काढतो आणि खरा आहे का, ते विचारतो.

रेवाने वाचलं, "आवाजाला घाबरणारी सगळी मुलं पाण्यात खेळली की शांत होतात?"

"हो," आम्ही म्हणालो.

मुलांना सांभाळणाऱ्या सुमनताई दारातूनच बोलल्या, "सगळी नाय हो मॅडम. सायखेड्याची पिंकी नाय. घरात पुराचं पाणी शिरल्यापासून ती नळालापण लय भिते."

शांत व्हावी म्हणून महिनाभर मी पिंकीचे हात रोज नळाखाली धरत होते. ती किंचाळायची; मला वाटायचं, आवाजालाच घाबरते.

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हात वर केल्याशिवाय बोलता यायचं नाही. बरं झालं, सुमनताईंना ती शिस्त नाही.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमची मीटिंग असली की मी चहा ठेवायला जाते ना."

पुढच्या मीटिंगला त्या बसतील, चहा मी ठेवेन. तुमच्याकडे चहा ठेवायला कोण जातं?