रिठ्याच्या काढ्यातला हिरवा उजेड

माझी नात नांदेडला रिठ्याच्या फेसावर अभ्यास करते. तिला कुठलाही रिठा चालला असता. पण निलंग्याकडं आपलं स्वतःचं झाड असताना दुसऱ्याचा कशाला, हा हट्ट माझा. काढा मीच उकळला, गाळला आणि बाटली मांडीवर धरून एसटीनं घेऊन गेलो.

काम काय ते तिनं मला समजावलं होतं. पाण्यात एक रंग टाकायचा. नुसत्या पाण्यात तो मंद असतो. मग रिठा थेंबाथेंबानं वाढवायचा. ठरावीक थेंब झाले की एका जागी रिठ्याचे कण एकमेकांना धरून बारीक गोळे करतात, रंग त्यांच्यात शिरतो अन् एकदम उजळतो. ती जागा सापडली पाहिजे. प्रयोगशाळेतलं उजेड मोजायचं मशीन तिला त्या दिवसापुरतंच मिळालं होतं. पुढची पाळी यायच्या आत प्रबंधाची मुदत संपणार होती.

पहिल्याच थेंबाला मशीनवरचा आकडा वर गेला; एवढ्या लवकर जायला नको होता. पुन्हा केलं, तेच. मग रंग न टाकता नुसता काढा ठेवला, तरी हिरवट उजेड!

तिचे सर आले. "काचा नीट धुतल्या नाहीत तुम्ही. हेच शिकलात का इतक्या दिवसांत?"

"धुतल्यात, सर." तिनं काचा उजेडाकडं धरून दाखवल्या.

मी भिंतीपाशी उभा. माझ्या काढ्यात खोट हाय म्हणायला जीभ रेटंना. पण पोरगी विनाकारण बोलणी खात होती.

"तिला कशाला बोलता? म्या चिमूटभर हळद टाकली त्यात."

"हळद? कशाला, अप्पा?"

"शुभ कामाचं पहिलं आधण, माय. आपल्यात हळदीबिगर चढवत न्हाईत."

सरांनी कपाळाला हात लावला. "काका, हळद स्वतःच चमकते हो मशीनमध्ये!"

"मग मशीनला सांगा की."

नात हसली न्हाई. "अप्पा, दुकानातला आणू का?"

मीच चपला घातल्या आणि किराणा दुकानातून रिठे घेऊन आलो. जन्मात पहिल्यांदा विकत. तिनं बिया काढल्या, सालं उकळली. "तिथंच थांबा, अप्पा," असं मला बजावलं.

या काढ्याला रंगाशिवाय उजेड जवळजवळ न्हाईच. शिपाई कुलूप घेऊन दारात येऊन उभा राहिला. थेंब पडत राहिले, आकडा हलंना. अजून थेंब. अजून. मग आकडा उसळला.

"सापडली, अप्पा!"

सर माझ्याकडं वळले. "बघा काका, दुकानातल्या रिठ्यानं काम केलं."

"करंल की," मी म्हणालो. "त्यो बी आमच्याच भागातला असंल."